आईला मागच्या सीटवर बसवायचात ते

आबा, तुमची विचारपूस करायला लिहीत नाही. जिथे असाल तिथे कुणावर तरी ओरडतच असाल. मी मजेत आहे. इतकी मजेत की कालपासून सून विचारतेय, आई, एवढं काय गवसलं तुम्हाला? ते सांगते, पण आधी भांडून घेते, कारण तुमच्या हयातीत ते राहूनच गेलं. अक्षर वेडंवाकडं आहे, त्याचा दोष तुमचा. जरा वळण लागत होतं, तेवढ्यात चौथीतून काढून मला गॅरेजात आणलंत.

गॅरेज कसलं, पुण्याच्या रस्त्याला बांबूंवर टाकलेला पत्रा आणि मागे आपली चूल. घाट चढायच्या आधी गाड्या तुमच्याकडे थांबायच्या. आई सुके बोंबील भाजत असली की ड्रायव्हर लोक जरा जास्तच रेंगाळायचे, पण तुम्ही म्हणायचात, माझ्या हाताला गिऱ्हाईक आहे. बरं, ते राहू दे. तुम्ही गाडीखाली उताणे आणि मी वर, ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला, पाय लोंबकळत. खालून तुमचा आवाज येतो, "हालव!" मी स्टेअरिंग डावीकडे, उजवीकडे हलवते. "आनखी हालव! जेवली नायस काय?" मी काही सांगायला तोंड उघडलं की, "हात चालव, तोंड नको." दिवसभर हेच. खाली काय दिसतं ते बघायला एकदा वाकले, तर तुम्ही ग्रीसचा बोळा फेकून मारलात. माझ्या परकराचा तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. चांगला निळा परकर होता हो, मामाने दिलेला.

पण हातांना कोण गप्प बसवणार? धड गाडीचं स्टेअरिंग जरा हललं की लगेच हाताला वजन देतं, खाली चाकं ऐकतायत हे कळतं. बिघडलेलं असलं की हात थोडा वेळ नुसताच रिकामा फिरतो, चाकांना पत्ताच नसतो, आणि मग कुठेतरी टक् होतं. त्याला खेळ म्हणतात हे तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, मला नाही. गाडीचा कोपरा दाबून सोडला तर ती एकदा वर येऊन गप्प बसली पाहिजे. पाळण्यासारखी झुलत राहिली तर धक्के झेलणारे शॉकप गेले. मिठागराच्या गाड्यांचे स्प्रिंगचे पाटे तर बघवत नसत, ओल्या गोणींचं पाणी गळून गळून गंजाचे पापुद्रे सुटलेले. हे सगळं मला कळत होतं आणि विचारत मला कुणीच नव्हतं.

आता तुमच्या त्या रिवाजाकडे येते. गाडी दुरुस्त झाली की तुम्ही आईला हाक मारायचात. ती चुलीपुढून उठायची, चांगलं लुगडं नेसायची, अंबाड्यात फूल खोचायची आणि मागच्या सीटवर जाऊन बसायची. मालकाचा ड्रायव्हर गाडी कोन गावापर्यंत भरधाव न्यायचा आणि परत आणायचा. तुम्ही छाती काढून सांगायचात, "माझी बायको बसते, मंग तुमाला कसला घोर?" आळीतल्या बायका म्हणायच्या, नशीबवान हाय, मोटारीतून फिरते. तुम्ही स्वतः कधी बसला नाहीत. कारण काय, तर दुसरी कुठली तरी गाडी कायम जॅकवर. एकदा कोनजवळ गाडी खड्ड्यात गेली आणि आई कपाळाला पदर दाबून चालत आली. पदर लाल झालेला. तुम्ही आधी ड्रायव्हरला विचारलंत, "गाडीला किती लागलं?" आबा, ते वाक्य मी अजून चावतेय.

त्यानंतरची ती मिठागरवाल्या शेठची गाडी. त्यांना मुलाबाळांसकट घाट चढायचा होता. तुम्ही उजव्या चाकाकडची गोळी, स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडते ती, नवी घातलीत, सगळीकडे ग्रीस कोंबलंत आणि म्हणालात, झालं. मी शेवटचं हलवून पाहिलं. टक् आवाज ग्रीसमुळे दबला होता, पण हात रिकामाच फिरत होता. म्हटलं, "आबा, डावीकडं अजून हाय." शेठ शेजारी उभे. तुम्ही हसून म्हणालात, "पोरीला गाडीतून उतरायचं नाय, म्हनून नाटकं." सगळे हसले. आणि तुम्ही आईला हाक मारलीत.

ती आली, फूल खोचून. मी तिचा पदर धरला. म्हटलं, "नको बसू." तिने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. ओरडली नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आज मी नाय बसत. तुमी बसा मागं. जॅकवरच्या गाडीला मी बघते."

 दाराच्या कडीवर तुमचा हात होता, तो तसाच राहिला. किती बारीक वाटलात तुम्ही तेव्हा, आणि किती बरं वाटलं मला. मग शेठना म्हणालात, "बायका भित्र्या असतात, त्यांच्या समाधानासाठी परत बघतो," आणि पाना घेऊन खाली शिरलात. डावीकडची गोळी काढलीत. ती वाटीत चिंचोका हलावा तशी हलत होती. मी हात लावायच्या आत तुम्ही ती खिशात टाकलीत. नवी बसवलीत. शाबास म्हणाला नाहीत. उलट आईच्या हातचं जेवणं सोडलंत आणि हॉटेलात जाऊन भजी खाऊ लागलात, पोट बिघडेपर्यंत. बरं झालं.

आईचं बसणं त्यानंतरही चालूच राहिलं. पण आता ती गाडीच्या दाराशी थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की बसायची. ती थांबलेली असताना तुम्ही चिंधीने हात पुसत राहायचात, पुसलेलेच हात परत परत. गाडी तुमची नाही, माझी मान बघून सुटायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण "काय वाटतं गं?" एवढं तुमच्या तोंडून लग्न होऊन मी जाईपर्यंत निघालं नाही.

तर काल नातीने जुनी गाडी आणली. सुकापूरच्या रस्त्याला डावीकडे ओढते म्हणाली. मी म्हटलं, थांब, बसव मला. पुढे बसले, पाय आता जमिनीला टेकतात. नात चाकापाशी उकिडवी बसली आणि खालून म्हणाली, "आजी, हलव. काय वाटतं तुला?" आबा, मी स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसले. पोरगी घाबरली, तिला वाटलं मला काही झालं. मी सांगितलं, डावीकडे हात रिकामा जातोय, तिकडची गोळी बघायला सांग. गॅरेजात गाडी वर उचलली, आणि तीच ढिली निघाली.

घरी येताना ती म्हणाली, "आजी, हे तुला कुणी शिकवलं?"

आणि मी पटकन म्हटलं, "माझ्या आबांनी."

तेव्हापासून चिडलेय. तुम्ही काही शिकवलं नाहीत. म्हणून हे सगळं लिहून काढलं, निदान कागदावर तरी खरं असावं. नातीला मात्र अजून सांगितलेलं नाही. सकाळी दोनदा तोंड उघडलं होतं.