नांदुरीचा घाट, पहिल्यांदा

१ डिसेंबर, रविवार

हो म्हणून बसलो! स्नेहल पहाटे नेहमीसारखी बुटाची लेस बांधत होती. नेहमीसारखं म्हणाली, "येता का?" मी नेहमीसारखं काहीतरी खोचक शोधत होतो, तेवढ्यात तोंडातून "येतो" निघून गेलं. तीही लेस धरून बघतच राहिली.

लेक मनाली नोकरीला पुण्याला गेल्यापासून घरात तीन जण – मी, बायको आणि फ्रिज. त्यात फ्रिज जास्त बोलतो. पावसाळ्यात स्नेहलनं सायकल घेतली आणि तेजस्विनीच्या सायकल मंडळात जायला लागली. मी काय करणार? पेपरातल्या माझ्या सदरात मंडळावर लेख लिहिला. ‘नाशिकचा सायकलस्वार मिसळीपर्यंत सायकलनं जातो, पुढचा व्यायाम मिसळ करते.’ वाक्य बरंच फिरलं. मंडळानं स्वतःच्याच ग्रुपवर टाकलं. कोडगी माणसं.

पंधरा तारखेला नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडावर. अख्खा घाट. "मीही नाही चढले अजून," ती म्हणाली. "दोघांची पहिलीच खेप होऊ दे."

‘दोघांची’ हा शब्द या घरात बऱ्याच दिवसांनी ऐकला.

४ डिसेंबर

भाड्यानं सायकल आणली. हे सीट ज्यानं बनवलं त्याचं मनुष्यजातीशी वैर असणार.

८ डिसेंबर, रविवार

सोमेश्वरपर्यंत सराव. थंडी अशी की नाक चेहऱ्यावर आहे की घरी राहिलं, हात लावून बघावं लागत होतं.

मंडळाचा रिवाज आज कळला. घाटात जो सगळ्यात शेवटी पोहोचेल त्याच्या सीटला लाल कापडाचं शेपूट बांधायचं. आठवडाभर ते लावूनच गावात फिरायचं. फोटो ग्रुपवर. शेपूट सांभाळायचा मान योगेशभाऊंचा. टाइल्सचं दुकान, आवाज लग्नाच्या बँडचा. सगळ्यांदेखत मला म्हणाले, "सर, शेपूट धुवून, इस्त्री करून ठेवलंय बरं का! आमच्यावर लई लिहिलं तुम्ही. आता आम्ही लिहितो, पाठीमागून!"

खूप हशा. मीही हसलो.

परतताना स्नेहल म्हणाली, "राग आला का?" "छे! मी काय लहान आहे?" म्हणालो. मग घरापर्यंत काही बोललो नाही. वारा तोंडावर होता म्हणून.

१५ डिसेंबर, रविवार

चढलो! शेवटून दुसरा, पण चढलो!

आधी नीट लिहितो. सायकली टेम्पोत घालून नांदुरीपर्यंत. तिथून पेडल. सुरुवातीला वाटलं, हात्तिच्या, एवढाच घाट? ते वळण संपलं तेव्हा कळलं की घाट अजून सुरूच व्हायचाय. मांड्या पेटल्या. एसटी अंगावरून धूर सोडत गेली, आतली पोरं खिडकीतून "काका, बसा आमच्यात!" कठड्यावरची माकडं माझ्याकडे ज्या करुणेनं बघत होती तेवढ्या करुणेनं आजवर एकाही वाचकानं बघितलेलं नाही.

स्नेहल पुढं होती. प्रत्येक वळणावर मागं वळून बघायची. मग माझ्यामागे कोणीच उरलं नाही, आणि मी खाली बघूनच चालवायला लागलो. मान वर केली तर ती सायकलवरून उतरलेली. हँडल धरून चालत होती, कडेकडेनं. घामाचा थेंब नाही. चालणाऱ्याला कसला घाम!

वरच्या वळणावर मंडळ पाणी पीत उभं होतं. आणि मला – श्वास घ्यायला जागा नव्हती, पण वाक्याला जागा झाली. तिच्या शेजारून जाताना ओरडलो, "काय बाई, दसऱ्याला राहिलेला नवसाचा बोकड घेऊन निघालात काय गडावर?"

योगेशभाऊ तर रस्त्यावर बसलेच. सगळे हसले. तीही हसली. "हो, आणि हा जास्त ओरडतो," म्हणाली. पण डोळे रस्त्याकडे.

तेजस्विनी तेवढी हसली नाही. दाताची डॉक्टर आहे. म्हटलं, दात दाखवायचे पैसे घेत असेल.

मी पुढं गेलो. स्नेहल शेवटपर्यंत चालतच आली. शेपूट तिच्या सीटला. मीही टाळ्या वाजवल्या. फोटोत मी मधोमध आहे.

दर्शनाच्या रांगेत म्हणालो, "झाली ना आपली पहिली खेप?" ती म्हणाली, "झाली."

२२ डिसेंबर, रविवार

रविवारच्या अंकात घाटाचा लेख. बोकडाचं वाक्य शेवटी ठेवलं, ते शेवटीच शोभतं. सकाळपासून फोन. मालेगावचे एक वाचक म्हणाले, "साहेब, चहा सांडला हसून!"

स्नेहलनं लेख वाचला. घडी घातली. त्या घडीवर मेथी निवडली.

दुपारी सटाण्याहून तिच्या दोघी मावश्यांचा फोन. स्पीकरवर होता. "काय वं पोरी, बोकड लई गयथी का गडवर?" बोकड नेला होतास का म्हणे, आणि मग दोन्ही मावश्या हसताहेत. स्नेहल "हो ना मावशी, हो ना" करत होती. फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यापाशी उभी होती. गॅस पेटवलेला नव्हता.

आज ती सायकलवर गेली नव्हती, हे माझ्या संध्याकाळी लक्षात आलं.

२५ डिसेंबर

"गुडघा दुखतोय," म्हणाली. विनोद माझा, गुडघा तिचा.

२९ डिसेंबर, रविवार

आजही नाही. सायकल बाल्कनीत. हँडलवर माझा टॉवेल वाळतोय. तो मी काढला. तिनं परत घातला.

मी म्हटलं, "ते बोकडाचं... जरा जास्तच झालं का?"

"जाऊ द्या हो. तुमचं कामच आहे ते."

"तसं नाही –"

"भाजीला काय करू?"

मला क्षमा मागता येत नाही. म्हणजे तालीमच नाही. माफीचं वाक्य जुळवायला घेतलं की शेवटी त्याला नांगी फुटते आणि ती नेमकी समोरच्याला टोचते. तीनदा जुळवलं, तीनदा गिळलं. गवार कर म्हणालो.

सायकलच्या चाकात हवा भरून ठेवली. तिनं बघितलं.

५ जानेवारी, रविवार

गेली! पहाटे खुडबुड ऐकू आली. मी जागाच होतो, कालच ट्रॅकपँट उशाला काढून ठेवली होती. पडल्या पडल्या वाट बघत होतो – आता विचारेल, आता विचारेल. लेस बांधली. हेल्मेटचा पट्टा लागल्याचा आवाज आला.

"दार लावून घ्या," म्हणाली.

लावून घेतलं. बाल्कनीतून बघितलं. चांगली चालवते. इतकी चांगली चालवते हे कधी बघितलंच नव्हतं, कारण घाटात मी खाली बघत होतो.

तरी बरं वाटलं. गेली ना? राग ओसरला असेल. पुढच्या रविवारी विचारेल.

७ जानेवारी, मंगळवार

दाढ दुखली म्हणून तेजस्विनीच्या दवाखान्यात. तोंड उघडं, आत यंत्र, अशा वेळी ती बोलली. म्हणाली, "सर, ताईंनी सांगू नको म्हटलेलं. पण तुमचा लेख वाचून राहवेना. दिवाळी झाल्या झाल्या आम्ही बायका-बायका नांदुरीहून गेलो होतो, तुम्ही मुंबईला भाषणाला होतात तेव्हा. ताई एकदाही न उतरता चढल्या. सगळ्यांत पुढे. परत येताना म्हणाल्या, घरी नाही सांगणार, ह्यांच्याबरोबर पहिल्यांदा जायचंय. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या मागे पडलात, तेव्हा त्या माझ्या शेजारी होत्या. म्हणाल्या, ह्यांना शेपूट सोसायचं नाही गं, तू हो पुढे. आणि उतरल्या."

यंत्र काढल्यावर चूळ भरली, पैसे दिले.

घरी आलो. स्नेहल म्हणाली, "काय म्हणाली तेजस्विनी?"

"तुझं कौतुक करत होती."

"कशाबद्दल?"

अर्धा गाल बधिर आहे, अशी खूण केली.