उत्तरेकडची रिकामी जागा

हॅमरवेल, १४ सप्टेंबर १९७१

प्रिय लायनेल,

गुडघा सोडला तर मी बरी आहे. तूही मजेत असणार. चर्चच्या इतिहासाचं तुझं पुस्तक घरोघर पोचलंय आणि पाद्रीबाबा तुला डोक्यावर घेऊन नाचतायत. यंदा प्लमचा मुरंबा मात्र तुला पाठवणार नाही.

पुस्तक वाचलं. घंटा कधी ओतली, छप्पर कधी जळालं, सगळं व्यवस्थित. आपल्या बाबांनी तीस वर्षं इथल्या कबरी खणल्या, त्यांना दीड ओळ दिलीस. तेही सोडून दिलं. पण पान अकरा! "दफनभूमीची उत्तर बाजू रिकामी आहे, तिथे कोणालाही पुरलेलं नाही." वाचून डोक्यात तिडीक गेली. तुझ्या त्या वाक्याच्या भरवशावर येत्या सोमवारी तिथे संडासाच्या नळासाठी चर खणणार आहेत.

रविवारी प्रार्थनेनंतर तुला दारातच गाठलं, तर लहान पोरीला समजवावं तसं म्हणालास, "हेस्टर, दफनाच्या रजिस्टरात नाही, म्हणजे नाही."

अरे शहाण्या, रजिस्टरात येईल कसं? बाप्तिस्मा न झालेल्यांची नावं तेव्हाचे पाद्री लिहीतच नव्हते. त्यांच्यावर प्रार्थनाही म्हणत नव्हते. त्यांना गुपचूप उत्तरेला, सावलीत पुरायचे. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तू तर कबरी खणणाऱ्याचा मुलगा.

पुरे झाली आडवळणं. छत्तीसच्या मार्चमध्ये मी आजारी आहे असं आई सगळ्यांना सांगायची. मला काहीही झालं नव्हतं. लग्नाआधीच मला मुलगा झाला होता. तासभर जगला. बाप्तिस्म्यासाठी बोलावूनही पाद्री आला नाही. बाबांनी उत्तरेच्या भिंतीपासून चार पावलांवर खड्डा खणला, आणि पेटी तू धरली होतीस, लायनेल. सोळा वर्षांचा होतास. रडलाही होतास.

माझी अब्रू राखली म्हणशील. पस्तीस वर्षं तोंडात गुळणी धरून मीच राखली ती. आता मला नको.

सोमवारी सकाळी मी खुर्ची घेऊन तिथे बसणार आहे. त्याआधी पाद्रीबाबांना खरं काय ते तू सांग. नाहीतर कुदळी घेऊन येणाऱ्यांना मी सांगेन, पेटी कोणी धरली होती तेही.

त्याचं नाव तू कधीच विचारलं नाहीस, म्हणून खाली लिहिते आहे.

पीटरची आई,
हेस्टर