सुलक्षणाचे वय

मी, हौसराव गेनबा शेळके, वय वर्षे ७६, सेवानिवृत्त अध्यापक, राहणार खुटबाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे, हा कागद कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात वजा करायला लावले. एवढ्यावर माणूस शहाणा ठरत असेल तर माझे दोन्ही मुलगेही शहाणे ठरतील, म्हणून मी त्या दाखल्याला फार किंमत देत नाही. कायद्याला लागतो, एवढेच. यापूर्वी केलेले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे.

१. माझी पत्नी सोजराबाई नऊ वर्षांपूर्वी वारली. मला तीन अपत्ये. सत्यजीत, वय ४९, कोरेगाव भीमा येथे राहून कारखान्यांना कामगार पुरवतो. गोकुळ, वय ४६, गावच्या सोसायटीचा संचालक आहे आणि त्यापलीकडे काही करत नाही. सुलक्षणा, वय ३८, अविवाहित, जन्मापासून ऐकू येत नाही, घरामागे भाजीपाल्याची रोपवाटिका चालवते. नावे जन्माच्या क्रमाने लिहिली आहेत. कर्तबगारीच्या क्रमाने लिहायची तर यादी उलटी करावी लागेल.

२. मी एकतीस वर्षे शिरूरच्या एका अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवले. माणूस कसा वाढतो हा माझा विषय. शैशव, बाल्य, कुमारवय, प्रौढत्व. एका साहेबाने चार टप्पे सांगितले, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने आठ. या लोकांनी आपल्या घरची आणि शेजारची पोरे बघितली आणि सगळ्या जगाला जिना बांधून दिला. माझे विद्यार्थी तो जिना पाठ करत, परीक्षेत ओकत आणि नोकरी लागली की पहिल्या दिवशी छडी हातात घेत. मी त्यांना हसत असे. मी स्वतः काय केले ते कलम ५ मध्ये आहे.

३. माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या टिपणवह्या आहेत. त्या कोणत्याही ग्रंथालयाला देऊ नयेत. बंबात घालाव्यात. कागद जाड आहे, दहाव्यापर्यंतचे आंघोळीचे पाणी तापेल.

४. सत्यजीतला कोरेगाव भीमाची घराची जागा आणि गोकुळला दुकानाचा गाळा मी हयातीतच दिला आहे. आता त्यांना पुढील वस्तू द्याव्यात. सत्यजीतला सागवानी पाळणा. पन्नाशीला आला तरी त्याला कोणीतरी झोका दिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि जे दिसेल ते तोंडात घालण्याची सवयही गेलेली नाही. पुस्तकात हा टप्पा दीड वर्षात संपतो. गोकुळला पांगुळगाडा. हा आधी माझ्या नावावर चालला, मग सासऱ्याच्या, आता आमदारांच्या. हात सोडून चार पावले टाकलेली मी पाहिली नाहीत. दोन्ही वस्तू चांगल्या स्थितीत आहेत. सुनांनी वाईट वाटून घेऊ नये, त्यांनी नवरे पारखले नाहीत, आम्ही पारखून दिले.

५. हे कलम माझ्याविरुद्ध आहे. सुलक्षणा आठ महिन्यांची असताना आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला धुरपदाबाई यायची. अक्षरशत्रू बाई, पण गावातली निम्मी पोरे तिच्या पायांवर न्हालेली. एकदा न्हाणीत तांब्याचे घंगाळ दगडावर पडले. ती ओल्या हातांनी तशीच माझ्या खुर्चीपुढे आली आणि म्हणाली, "मास्तर, पोरीला ऐकाया येत न्हाई. घंगाळ पडलं तवा चुलीम्होरची मांजर पळाली, आन् हिची पापणी हालली न्हाई. पुण्याला न्या."

मी तिला हसलो. म्हणालो, "धुरपदाबाई, प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो. भाषेचा टप्पा अजून यायचा आहे."

ती म्हणाली, "टप्पा यील मास्तर, पर त्याची हाक हिला कुठनं ऐकाया यायची?"

मी तिचे येणे बंद केले. पुढची तीन वर्षे मी टप्प्याची वाट बघत बसलो, एसटीच्या फाट्यावर बसतात तसा. सोजराबाई रडायची, तिला मी वह्या वाचून दाखवायचो. शेवटी मला न विचारता तीच मुलीला काखोटीला मारून पुण्याला गेली आणि चार वर्षांच्या मुलीचे निदान घेऊन आली. बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेतही तिनेच घातले. माझ्या घरात शिकलेला एकच माणूस होता आणि नेमका तोच मठ्ठ निघाला. धुरपदाबाई वारली तोवर मी तिच्या दारात गेलो नाही. मला लाज वाटत होती, आजही वाटते.

६. गेल्या वर्षी माझे दोन्ही चिरंजीव एकत्र घरी आले. एरवी ते फक्त बैलपोळ्याला एकत्र दिसतात. गोकुळ म्हणाला, "आण्णा, सुलीच्या पेन्शनचं काम हाय. तुम्ही एक्सपर्ट हाय. तुमच्या लेटरहेडवर लिवून द्या, तिची बुद्धी सात वर्षांच्या पोरीएवढी हाय म्हणून."

निवृत्तीनंतर सतरा वर्षांत मला कोणी मत विचारले नव्हते. मी चष्मा पुसला आणि लिहून दिले. 'बौद्धिक वय अंदाजे सात वर्षे.' खाली सही, पदव्यांसह. तो कागद पेन्शनसाठी नव्हता. बहीण अजाण आहे असे दाखवून तिचे पालक व्हायचे आणि माझ्या मागे तिच्या वाट्याची जमीन आपल्या हाती ठेवायची, असा तो बेत होता. वकिलाकडे चौकशी केल्यावर मला हे कळले. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची आपल्याकडे रीतच आहे, साडीचोळी दिली की काम होते. यांना तेवढाही खर्च नको होता.

तो दाखला खोटा आहे. तो मी या कागदाने मागे घेतो. कोणत्याही कचेरीत तो पुढे आला तर माझी ही ओळ वाचावी: सात वर्षांची बुद्धी त्या दिवशी लिहिणाऱ्याची होती.

७. खुटबाव येथील राहते घर, विहीर आणि मी माझ्या पगारातून घेतलेली तीन एकर बागायत सुलक्षणा हौसराव शेळके हिला एकटीला, पूर्ण मालकी हक्काने देत आहे. विकणे, गहाण ठेवणे, लिहून देणे हे सर्व अधिकार तिचे. ती कोकोपीटच्या ट्रेमध्ये मिरची-टोमॅटोची रोपे करते, शिरूरपासून माणसे घ्यायला येतात. बोटे करून भाव सांगते आणि एक बोट कमी करत नाही. रोप पाच पानांवर आल्याशिवाय देत नाही, गिऱ्हाईक कितीही तणतणले तरी. सत्यजीत आणि गोकुळ यांनी त्या जमिनीत पाऊल टाकायचे झाल्यास तिला विचारून टाकावे.

८. हे मृत्युपत्र मी सुलक्षणाला वाचायला दिले. वकिलांना ते पसंत नव्हते. तेव्हा या कलमात एवढीच ओळ होती, बाकी मजकूर नंतरचा: 'माझ्या पश्चात सुलक्षणाचे पालक म्हणून शेजारचे पोपटराव यांनी तिची व तिच्या मिळकतीची काळजी घ्यावी.' तिला त्रास होऊ नये म्हणून लिहिले होते. पाळण्याचे वाचताना ती हसली, कलम ५ दोनदा वाचले. इथे आल्यावर तिने माझ्या हातातले पेन घेतले, ती ओळ आडवी खोडली आणि समासात लिहिले, 'आण्णा, पालक नको. मी ३८ वर्षांची आहे.'

मी हातवारे करून तिला समजावू लागलो. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पेनाला टोपण लावले, ते माझ्या खिशात अडकवले आणि ट्रे भरायला निघून गेली.

वकील म्हणाले, कोरी प्रत काढू. मी नको म्हणालो. खोडलेल्या ओळीवर आणि समासातल्या मजकुरावर माझी लघुसही आहे. दोन्ही मला मान्य आहेत.

सही: हौसराव गेनबा शेळके

वरील सही व लघुसही हौसरावांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली आणि आम्ही त्यांच्यासमोर साक्ष घातली.

साक्षीदार:
१. पोपटराव किसन थोरात, खुटबाव (कलम ८ मधील जबाबदारी गेली याबद्दल माझी तक्रार नाही.)
२. स्वप्नाली महेंद्र टिळेकर, अंगणवाडी सेविका, खुटबाव

ठिकाण: दौंड
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५