कडी त्यांच्या बाजूला

ताई,

कुंपणाच्या भांडणाचं काय झालं, असं तू फोनवर विचारलंस. मी "जिंकलो" म्हणालो आणि विषय बदलला. खरं काय ते इथे लिहितो.

जागा आपलीच, कागदपत्रं चोख, म्हणून मी परसात तारेचं कुंपण घातलं. बाइंडरकाका गेल्यावर शेजारी एकट्या राहिलेल्या काकूंनी तहसीलदारांकडे अर्ज करून परसातली जुनी पायवाट मोकळी करून मागितली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. त्यांच्या घराला पुढून चांगला रस्ता आहे की!

सुनावणीत साहेबांनी विचारलं, "आजी, या वाटेने तुम्ही कुठे जाता?"

"मी कुठे जातेय? गुडघे गेलेत माझे. हा आणि याची ताई यायची, शाळेतून परस्पर. ह्यांच्या खळीत हात बरबटून पुस्तकांना पुठ्ठे चिकटवायची. वाट यांनीच पाडलीय. ती बंद करू नका, एवढंच."

साहेब हसले. अर्ज फेटाळला. आणि मला तिथे, त्या कचेरीत, खळीचा वास आला गं. तुझ्या नखांतली खळ काका ओल्या फडक्याने टिपायचे, ते आठवलं.

दुसऱ्याच दिवशी तारा कापून तिथे फाटक बसवून घेतलं. कडी मुद्दाम त्यांच्या बाजूला लावली. हाक मारायला मात्र तोंड नाही. रोज सकाळी जातो आणि फाटक हळूच ढकलून बघतो.

आज तीन आठवडे झाले. कडी निघाली, की हे पत्र टपालात टाकेन.

तुझा,
खळखाऊ