फिरकीचा मागचा पाय

६ जानेवारी
फिरकी परत लंगडतेय. मागचा उजवा. अंगणात चार पावलं नीट टाकली, मग पाय वर, तीन पायांवर दोन उड्या, पाय झटकला आणि काही झालंच नाही अशी पेरूखाली जाऊन बसली. दिवाळीपासून असंच. मध्ये आठ-दहा दिवस बरं, पुन्हा सुरू. अजून दोन वर्षांचीही नाही पोरगी.
हे म्हणाले, "नाटकी आहे. तू बघत असलीस की लंगडते." मग स्वतःच खाली बसून तिचा पाय चाचपत राहिले. उठताना मात्र माझा हात लागला.

९ जाने.
ऋताने पुण्याहून कुत्र्यांच्या सांध्यांच्या गोळ्या पाठवल्या. "आई, दिवसातून दोनदा, आणि मध्येच सोडायच्या नाहीत." बजावून झालं. लेक असून माझीच आई.
ह्यांनी चष्मा लावून डबा वाचला, कारखान्यात नव्या मशीनचं पत्रक वाचायचे तसा. "खेकड्याच्या कवचाचा अर्क. शिंपल्यांची पूड. माशाचं तेल. आई असती तर डबा फेकून वर आपल्या दोघांना आंघोळ घातली असती." सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंही आलं नाही कधी. डबा मागच्या पडवीत ठेवला.
झाकण उघडलं आणि एकदम सिस्टर फिलोमिना! बोर्डिंगचं लांबलचक जेवणघर, थंडीत आमची रांग, एकेकीच्या जिभेवर चमचाभर माशाचं तेल. "स्वॅलो, चाइल्ड." मागून पावाचा तुकडा. किती वर्षं झाली. वास तोच.

११ जाने.
गोळी थुंकते. पोळीला तूप-साखर लावून सुरळी केली, आत गोळी. गट्टम. ऋताला तापाची गोळी अशीच द्यायचे, ह्याच ओट्यापाशी.

२५ जाने.
मार्चअखेर भोपाळचं हे कारखान्याचं क्वार्टर सोडायचं. हे रिटायर झाल्यापासून वाढीव मुदतीवर राहतोय. नागपूरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घेतला तेव्हा म्हणालो होतो, वारं काय छान येतं!
जेवताना हे म्हणाले, "ही अशीच लंगडत राहिली तर रोज चार वेळा तीन जिने कोण चढवणार तिला? तिवारीभाभी ठेवून घेतील. मी सहज विचारलंय."
सहज!
मी ताक वाढलं. भाभी भिंतीपलीकडच्या, ऋताच्या जन्मापासूनच्या शेजारी. फिरकीला जीव लावतील, शंकाच नाही. तरीपण...

४ फेब्रु.
गोळ्या नेमाने चालू आणि लंगडणं वाढलंय. आज दोनदा नुसती उभी राहिली पाय वर धरून. घाबरले. रिक्षा करून दोघं तिला घेऊन बिट्टन मार्केटच्या डॉक्टरांकडे. तरुण आहेत, भोपाळीच. काट्यावर उभी केली, जुना कागद बघितला, माझ्याकडे बघितलं.
"मॅडम, वजन कितना बढा है, देखा? गोली छोडिए, ये बताइए गोली देती किसमें हैं?"
सांगितलं. सकाळी मी, तूप-साखर-पोळी. संध्याकाळी हे, पेढ्यात. (मला हे तिथेच कळलं. "पोळी लाटायला येते का मला?" म्हणे.) आणि गोळीच्या वेळेला भाभींच्या मागच्या दाराशी बसून मलई.
डॉक्टर हसले नाहीत. "गोली से फायदा हो न हो, मलाई से नुकसान पक्का है."
एक्स-रे काढला. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते आणि परत बसते. अजून फार बिघडलं नाहीये. वजन उतरलं, मांडीत ताकद आली तर ऑपरेशन टळेलही. उड्या बंद, गुळगुळीत फरशी बंद. गोळ्यांनी बरं होईल का? "किसी-किसी को थोडा आराम मिलता है. वादा नहीं कर सकता." जिने? "अभी तो बिलकुल नहीं."
येताना रिक्षात तिचं डोकं ह्यांच्या मांडीवर.

६ फेब्रु.
भाभींना सांगितलं, मलई बंद. डोळ्यांत पाणी. "दीदी, दरवाजे पे आ के बैठ जाती है. मैं पत्थर हूँ क्या?"
ह्या गल्लीत वाटी कधी रिकामी परत गेली नाही. आमची पुरणपोळी भिंतीवरून जायची, त्याच डब्यात त्यांच्या गुजिया, म्हणजे करंज्याच, यायच्या. वाटी कोणाची हेच आता दोघींना सांगता येत नाही. दाराशी आलेल्या जिवाला तसंच कसं पाठवायचं?
शेवटी काकडीवर तडजोड. भाभी म्हणाल्या, "कुत्ते को ककडी! लोग हँसेंगे." फिरकीने हुंगली, भाभींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाल्ली.
गोळी आता कुस्करून उकडलेल्या दुधीत. ह्यांनाही सांगितलं, पेढा फक्त तुमच्या तोंडात. "माझ्या गुडघ्याच्या गोळीतही तेच औषध आहे. हिची निदान माशाच्या वासाची," हे म्हणाले.

१८ फेब्रु.
फरशीवर सतरंज्या. घर एकदम लग्नघरासारखं दिसतंय.
सकाळी पट्टा धरून सावकाश चालवायचं, डॉक्टरांचं सांगणं. मराठी मंडळाच्या हॉलवरून गेलो. कुलूप. गणपतीत इथे नाटक बसायचं. हे एकदा राजा झाले होते, मिशी दुसऱ्या अंकात सुटली, पहिल्या रांगेतून ऋता ओरडली, "बाबा, मिशी!" सगळी टाउनशिप हसली. आता अर्धी क्वार्टर्स रिकामी, दारात गवत. आमच्या ओळीत दोनच दिवे लागतात. फिरकी हॉलच्या पायऱ्यांकडे ओढत होती. नाही, बाई. पायऱ्या नाहीत.
आज लंगडली नाही.

३ मार्च
हे नागपूरला जाऊन आले, फ्लॅट झाडून घ्यायला. "ठीक आहे. रंग काढावा लागेल." एवढंच. चेहरा उतरलेला.

४ मार्च
भाजी निवडताना आपणहून शेजारी येऊन बसले. मेथीची एक जुडी ओढून घेतली. (कधी नव्हे ते.)
"दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो मी."
"म्हणजे?"
"जिन्यात. पुढे चढवेना. वॉचमनने खुर्ची आणून दिली. आजोबा म्हणाला."
मग मेथीची काडी मोडत, "आणि मी त्या पोरीला इथे ठेवून निघालो होतो."
मेथीची पानं सगळी देठांत टाकली होती. नंतर मी निवडली परत.

१० मार्च
डॉक्टर. वजन उतरलंय, मांडी भरतेय. पण हाताने बघताना वाटी एकदा सरकलीच. मला दिसली. ऑपरेशन आत्ता नको, पण कधीच नको असं नाही. "रोज के तीन मंजिल? मैं अपने कुत्ते को न चढाऊँ." हे चटकन म्हणाले, "मी पण नाही." ह्यांच्या जिन्याचं डॉक्टरांना काय कळणार.

१९ मार्च
अवधपुरीत तळमजल्याचं घर बघितलं, भाड्याचं. टाउनशिपच्या बाहेरच. दोन खोल्या, पुढे जरा माती. नागपूरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, असं ह्यांच्या डोक्यात. मालकांनी सगळं दाखवलं, मग फिरकी दिसली. "कुत्ता भी है?... घर में पूछ के बताता हूँ."
ऋता फोनवर चिडली. "आई, नागपूरला आत्या आहे, सगळे आहेत. उद्या तुम्हाला काही झालं तर? एका कुत्रीसाठी भोपाळात राहणार?"
"एका कुत्रीसाठी नाही. तीन गुडघ्यांसाठी."
मग बारीक आवाजात, "बाबांचं मला का नाही सांगितलं?" खिन्न वाटलं तिला. मलाही. तिची काळजी खोटी नाही. नणंदबाई तिथे आहेत, दवाखाना जवळ आहे. इथे आता कोण आहे आमचं? भाभी, त्यासुद्धा पुढच्या वर्षी जाणार.

२२ मार्च
मालकांचा फोन नाही. ट्रकवाल्याचा दोनदा. "साहब, नागपूर पक्का समझूँ?" हे म्हणाले, "कल बताते हैं." काल पण हेच म्हणाले होते.
संध्याकाळी फिरकीला घेऊन अवधपुरीपर्यंत गेलो. घर बंद होतं, आम्ही फाटकाबाहेर उभे. ह्यांनी फाटकाच्या सळयांतून हात घालून कडी हलकी आहे का ते बघितलं. "रोज उघडायला बरी आहे," म्हणाले. मी म्हटलं, चला, लोक बघतायत.
परत फिरलो तर फिरकी हलेना. मागचा उजवा पाय किंचित वर, नखं तेवढी मातीला टेकलेली. दुखतोय, की नुसतीच थांबलीय? आम्ही दोघंही वाकलो. ती पलीकडे बंद दाराकडे बघत होती.
हे म्हणाले, "थांबू या जरा. तिलाच पाऊल टाकू दे."
थांबलो.