रोज दुपारी एक चित्र

२ ऑक्टोबर १९६१, लाहटी पॉइंट

हेल्मी, आधी तुझे गुडघे कसे आहेत ते सांग. मी येईस्तोवर एइनोदादाकडे करमतंय ना? त्याचा खोकला उतरला का, की अजून शेगडीला चिकटून पाइपच ओढत बसतो? सायमाकाकूंचा दमा? मुस्ती मांजरी एव्हाना व्याली असेल. एक पिल्लू माझ्यासाठी ठेव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून ओरडून माझा घसा बसतो, म्हणून ही रोजनिशी तुझ्यासाठीच लिहायची ठरवलीय. चार पानं भरली की ओसरीवरच्या दुधाच्या पेटीत टाकायची. शेजारचा टोइव्हो जाता-येता उचलून टपालात घालेल.

मी सुखरूप पोचले. घर बघशील तर हरखून जाशील. सरोवराकडे तोंड, वाफारा घ्यायची सौना तर आपल्या आईच्या सौनापेक्षाही मोठी, आणि पलीकडची एक खोली उन्हानं भरलेली. ती तुझी. तुझे गुडघे तिथं शेकतील.

कामही हलकं आहे. आर्डिसबाई सिनेमे करतात हे तुला सांगितलंच होतं. गेली कितीतरी वर्षं त्या एकच सिनेमा करताहेत. खिडकीपाशी एक खुर्ची, समोर जमिनीला स्क्रूनं पक्का केलेला कॅमेरा. रोज भर दुपारी खुर्चीत कुणीतरी बसायचं आणि दोरी ओढून एकच चित्र टिपायचं. सगळी चित्रं ओळीनं पळवली की माणसाची वर्षं डोळ्यांदेखत निघून जातात. केस असे पांढरे होतात, जणू कुणी पीठ चाळतंय. मी गावच्या थिएटरात जन्मभर रिळं फिरवली, पण असलं काही पाहिलं नव्हतं.

त्या ऑपरेशनसाठी शिकागोला गेल्यात. मी खुर्ची सांभाळली तर हे घर आपल्या दोघींच्या नावावर होईल. म्हणजे भाड्याच्या खोलीतून एकदाची सुटका. जाताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "हुकलेला दिवस हुकलेलाच राहू दे, आयली. तो भरून काढू नकोस."

मी म्हटलं, बरं.

१९ ऑक्टोबर

हात बसला. दुपारी खुर्चीत बसते, कॉफीचा कप मांडीवर, दोरी ओढते, टक्. झालं काम. मग तुझ्यासाठी शाल विणते. निळी लोकर, आपण दोघींनी मिळून घेतलेली. नाताळची भेट आहे, पण तुझ्यापुढं मेलं माझं गुपित टिकतं कुठं.

आठवड्याच्या फिल्मचा तुकडा कापून तळघरात बादलीत धुते, सुकवते आणि हातानं फिरवायच्या छोट्या यंत्रावर बघते. आर्डिसबाईंच्या जुन्या बाहुल्याही तिथं फळीवर आहेत. पूर्वी त्या बाहुल्यांचे सिनेमे करत. बाहुलीची प्रत्येक हालचाल दोनदा टिपायची. निम्मी मेहनत वाचते आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्या धंद्यातले सगळेच तसं करतात, असं त्याच सांगत होत्या.

टोइव्हो लाकडं टाकून गेला. म्हणाला, "काय म्हातारे, बसायचे पैसे मिळतात म्हणे! मी आयुष्यभर फुकटच बसलो की." दाराजवळच्या खुंटीवर एक पुरुषी कोट लटकतोय, त्याचं विचारलं. म्हणाला, माझ्याआधी खुर्चीत बसायचा त्या माणसाचा, सुलोचा. मागच्या हिवाळ्यात निघून गेला. मी म्हटलं, हिवाळ्यात, कोटाशिवाय? टोइव्हो लाकडं रचत राहिला.

१२ नोव्हेंबर

काल एक दिवस हुकला. पीठ आणायला गेले आणि बर्फानं रस्ता बंद झाला. टोइव्होच्या बायकोनं रात्रभर ठेवून घेतलं, मटण-बटाटा भरून भाजलेल्या पॅस्टीज खाऊ घातल्या.

एका दिवसाच्या खाचेनं एवढा सिनेमा उडी मारेल, हे काही मला बघवेना. घराचाही प्रश्न आहे. मग आज दोरी दोनदा ओढली. बाहुल्यांचं करतात तसं. कुणाला कळणार आहे?

२१ नोव्हेंबर

तुकडा धुतला. एक गंमत झालीय, पण मला हसू येत नाही.

त्या दिवसाची दोन चित्रं एकसारखी हवीत. पहिल्यात मी नीट बसलेय. दुसऱ्यात माझ्या उजव्या हाताला पट्टी आहे.

हात माझा भाजला तो दुसऱ्या दिवशी. शेगडीवर.

त्यानंतरचं प्रत्येक चित्र असंच, एक दिवस पुढचं. शेवटचं कालचं. काल मी तपकिरी स्वेटर घातला होता. चित्रात हिरवा आहे. आज सकाळी मुद्दाम पुन्हा तपकिरीच चढवला. कॉफी सांडली, छातीपासून खालपर्यंत. कोरडा फक्त हिरवा होता.

२९ नोव्हेंबर

फिल्म माझ्यापुढं एक दिवस धावतेय. तिला थांबवावं म्हणून आज बसलेच नाही. दुपारी सौनाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. तिथवर घरातून आवाज आला. टक्.

दोरी तशीच लोंबत होती. धुतल्यावर बघितलं, तर मी खुर्चीत आहे. उद्याची मी. डोळे रडून सुजलेले.

आर्डिसबाईंना तार केली होती. उत्तर आलं ते इस्पितळातून. बाई ऑपरेशनच्या टेबलावरच गेल्या.

४ डिसेंबर

तुझं पत्र आलं. नाताळला येतेस, एइनोला गुरांपाशी ठेवून, बसनं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. आणि मग वाटलं, तू नीट पोचतेस का, एवढं तरी बघावं. चुकलं माझं. दोरी ओढत सुटले, एकेका ओढीला एकेक पुढचा दिवस. टक्, टक्, टक्, बोट दुखेपर्यंत.

तुकडा तळघरात सुकतोय. उद्या बघेन.

५ डिसेंबर

हेल्मी, ऐक. थोडी चित्रं माझी. मग खुर्ची रिकामी. कप जमिनीवर. पुढंही रिकामीच.

आणि मागच्या खिडकीच्या काचेत, बाहेरच्या बाजूला, मी. अंगावर कोट नाही. आत बघतेय. माझ्या शेजारी एक उंच माणूस, तोही कोटाशिवाय.

मग खुर्चीत कुणीतरी बसलंय. तू. खांद्यावर निळी शाल. पुढच्या प्रत्येक चित्रात तुझे केस आणखी पांढरे — आणि मी काचेत तशीच —

शाल शेगडीत टाकली. सगळी जळेपर्यंत उभी राहिले. शाल नाही तर ते चित्रही नाही. खरं ना?

९ डिसेंबर

आज टोइव्होनं पेटीत तुझं दुसरं पत्र ठेवलं. लिहितेस की माझी बोटं दुखतात हे तुला ठाऊक आहे, म्हणून उरलेल्या लोकरीची तूच एक शाल विणलीस. निळी. तीच पांघरून येणार.

येऊ नकोस. हे पान आजच पेटीत टाकते. एइनोला सांग, त्यानं तुला कोंडून ठेवावं, बसचं तिकीट फाडावं. घर नको आपल्याला. आपल्या भाड्याच्या खोलीला काय झालंय —

१३ डिसेंबर

नऊ तारखेचं पान अजून पेटीतच. टोइव्हो आलाच नाही, बर्फ. त्याच्याकडे चालत निघाले. अंगण ओलांडलं. झाडं ओलांडली. समोर पुन्हा हीच ओसरी. तीनदा.

रिकाम्या चित्रांपर्यंत आता किती उरलीत ते मोजत नाही.

१४ डिसेंबर

एक ओंडका आणायला बाहेर आले. फक्त एक. कोट घातला नाही, एवढ्यासाठी कशाला — आणि मागं दार —

आत घड्याळात बारा. कप जमिनीवर पडलाय. खुंटीवर माझा कोट, सुलोच्या कोटाशेजारी. टक्.

थंडी वाजत नाहीये, हेल्मी. वाजायला हवी.

टोइव्हो येऊन गेला. पेटीतली पानं उचलली. मला हाक मारली, काचेतून आत डोकावला, माझ्या अंगाला अंग घासून. मी त्याचा हात धरला. त्यानं नुसती बाही झटकली, बर्फ झटकतात तशी.

निदान पानं तरी गेली. पण बस शनिवारी निघते आणि टपाल —

वही एप्रनच्या खिशात होती, पेन्सिलही. हे पान पेटीत टाकते. तो उद्या पुन्हा येईल. शेजारी कुणीतरी उभं आहे. मी तिकडं बघत नाही.

लवकर लिही, बाई. एकच ओळ. मी काचेतून वाचेन, कुणी ते टेबलावर उघडं ठेवलं तर. एवढंच लिही, की तू येत ना—