शांताक्का अणदूरलाच राहतील

आधी जे घडले ते, घडले त्या क्रमाने.

१. फेब्रुवारीत अणदूरच्या आमच्या घरी न्हाणीत पाय घसरून शांताक्का पडल्या. शांताक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय शहात्तर. डोक्याला खोक पडली. शुद्ध हरपली नव्हती.

२. माझे थोरले बंधू विरेश त्यांना गाडीत घालून पुण्याला घेऊन गेले. तिथे एमआरआयच्या आधी अक्कांच्या गळ्यातले इष्टलिंग उतरवून शुभांगीवहिनींच्या हाती दिले गेले. वहिनींनी ते पर्समध्ये ठेवले.

३. इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अक्का पाण्याचा घोटही घेत नाहीत. आमच्या लिंगायत घरात हे कोणाला सांगावे लागत नाही.

४. अक्कांनी खाणेपिणे सोडले. त्या लिंग मागत होत्या, पण कानडीतून, कारण घाबरल्या की त्या कानडीवर येतात. नर्सना ते असंबद्ध बोलणे वाटले. विरेशअण्णांना कानडी येते.

५. डॉक्टरांनी विचारले, असे कधीपासून? अण्णांनी सांगितले, वर्षभरापासून विसरतात, भ्रम होतो. हे खोटे होते.

६. अक्कांच्या नाकातून नळी घातली. नळी उपसू नये म्हणून हात खाटेला बांधले. फाइलवर स्मृतिभ्रंश असे निदान आले.

७. मी पोहोचले तेव्हा लिंग अण्णांच्या फ्लॅटमध्ये, चाव्या ठेवतात त्या ड्रॉवरमध्ये होते. ते नेऊन दिले, हात सोडायला लावले. अक्कांनी पूजा केली आणि दूधभात मागितला.

८. पडण्याआधी अक्का रोज खंडोबाच्या देवळापर्यंत चालत जात. खाटेला बांधल्यापासून त्यांना वॉकरशिवाय उभे राहता येत नाही.

आता मृत्युपत्र.

मी, महेश्वरी शिवानंद कलशेट्टी, वय एकतीस, अविवाहित, व्यवसाय नोकरी (धाराशिव येथील एका तपासणी केंद्रात एमआरआय तंत्रज्ञ), राहणार अणदूर, तालुका तुळजापूर, हे स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. कोणी दबाव आणलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. इतरांना एवढे लिहिले की पुरते. माझ्या बाबतीत पुरणार नाही, कारण माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला आहे. सप्टेंबरमध्ये मशीनची दुरुस्ती झाली. त्यानंतर चाचणीसाठी आमच्यापैकी कोणीतरी आत झोपते, तशी मी झोपले आणि सहकारी वर्षाराणीने स्कॅन घेतला. मशीन ठीक होते. शस्त्रक्रिया १८ नोव्हेंबरला सोलापूरला आहे. माझी विचारशक्ती शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मला ते मागितल्याबरोबर मिळाले.

माझे आईवडील हयात नाहीत. शेती वडिलांनी अण्णांच्या नावे केली, घर माझ्या. मी काही न लिहिता गेले तर घर कायद्याने वडिलांच्या वारसाकडे, म्हणजे अण्णांकडे जाईल. ज्या अक्कांनी आई गेल्यावर आम्हा दोघांना वाढवले, त्यांना त्या घरात कायद्याने एक खुंटीही नाही. म्हणून हा कागद.

कलम १. अणदूरचे घर, मागची न्हाणी व अंगणासह, अक्कांनी हयातभर वापरावे. त्यांना तिथून कोणी हलवू नये. उपचारासाठी हलवायचे तर त्यांना विचारून, आणि परत आणून सोडण्याच्या बोलीवर. घर विकणे, गहाण टाकणे, कुलूप लावणे, यांतले काहीही त्या असेपर्यंत करता येणार नाही. न्हाणीतला धरायचा गज मी बसवला आहे. वहिनी म्हणाल्या होत्या, "घर दवाखान्यासारखं दिसतंय." दिसू द्यावे. गज काढू नये.

कलम २. अक्कांच्या पश्चात घर शेजारच्या चन्नम्मा यांचे होईल. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत. मी धाराशिवला ड्यूटीवर असते तेव्हा अक्कांना उठवणे, चालवणे, गोळ्या देणे हे त्या करतात. गोळ्या संपल्या की एसटीने नळदुर्गला जाऊन आणतात. दोघींचे चहावरून रोज भांडण होते. अक्कांच्या मते चन्नम्मांचा चहा म्हणजे साखरेचं पाणी. चन्नम्मांच्या मते अक्कांना जन्मात कुणाचा चहा आवडलेला नाही. हे भांडण पुढेही चालू राहावे अशी माझी इच्छा आहे. सह्यांचे ठरले तेव्हा चन्नम्मांना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला न बसलेले बरे, असे मी समजावले. त्या म्हणाल्या, "म्हंजी कामाला मी आन सहीला गिरणीवाला गुंडाप्पा." त्या अजून रुसलेल्या आहेत. मुद्दा त्यांचा बरोबर आहे.

कलम ३. बँकेतली शिल्लक व विम्याची रक्कम अक्कांच्या औषधांसाठी, फिजिओथेरपीसाठी आणि चन्नम्मांच्या दरमहा मोबदल्यासाठी वापरावी. व्यवहार वर्षाराणीने पाहावा. चन्नम्मा मोबदला नको म्हणतील. दोनदा म्हणू द्यावे, मग द्यावा.

कलम ४. गावाविषयी. अक्का पडल्या तेव्हा कट्ट्यावरची मंडळी मला म्हणाली, "वय झालंय, आता चालायचंच." पुण्याच्या रुग्णालयात हेच मला इंग्रजीत सांगितले. गावात उपचार नव्हता, शहरात विचारपूस नव्हती. अक्कांच्या वाट्याला दोन्हीकडचे उणे आले. त्यामुळे हे मृत्युपत्र गावाच्या प्रेमापोटी केले आहे असे कोणी समजू नये. माझी स्कूटी विकून येणारी रक्कम कलम ३ मधल्या खर्चात घालावी. रक्तदाबाचे यंत्र कट्ट्यावरच्या मंडळींना. त्यांच्यातल्या निम्म्यांना गरज आहे आणि सगळ्यांना वेळ आहे.

कलम ५. कामावर मी एक लहान चुंबक वापरते. पेशंटच्या अंगावरची कुठली वस्तू मशीनला ओढली जाईल हे त्याने कळते. हे चुंबक विरेशअण्णांना द्यावे.

कारण असे. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी लिंग उतरवले, याबद्दल माझी तक्रार नाही. मीही उतरवायला लावते. आमच्याकडे असे पेशंट रोज येतात; बाहेर आल्याबरोबर आधी लिंग हातात देते, मग चप्पल. अक्कांना ते परत का दिले नाही, असे मी अण्णांना वॉर्डाबाहेर विचारले. "वॉर्डात मॉनिटर आहेत, मशीनं आहेत," अण्णा म्हणाले, "त्याला धातू चालत नाही." चुंबक माझ्या पिशवीत होते. मी ते लिंगाच्या चांदीच्या डबीला लावून दाखवले. चिकटले नाही.

मग ते खरे बोलले. "काय सांगणार होतो, मही? गळ्यातलं काढलं म्हणून उपाशी राहिल्यात? सगळे हसले असते."

"हसू द्यायचं," मी म्हटले.

"तुला निघून जायचंय. मला इथं राहायचंय."

हे उत्तर मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. इथे लिहिले, कारण अण्णा दुष्ट आहेत असे वाचणाऱ्याने समजू नये. ते लाजले. लाज वाटली म्हणून त्यांनी आम्हाला वाढवणाऱ्या बाईला वेडे ठरवले, कारण डॉक्टरांसमोर वेड सांगायला सोपे होते. त्याआधी पुण्याला पाहुण्या म्हणून गेल्या तेव्हाही अक्का दिवसभर अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये देखरेखीच्या कॅमेऱ्यासमोर एकट्या बसून असत. वहिनी मला फोनवर सांगत, "कॅमेऱ्यात अगदी व्यवस्थित दिसतात." म्हणजे कॅमेरा व्यवस्थित होता.

कलम ६. दिवाळीत अण्णा अणदूरला आले, ते बोलणे नोंदवून ठेवते. अक्का वाती वळत होत्या.

"आमच्या जवळच एक केंद्र आहे, अक्का. चोवीस तास नर्स, जेवण, व्यायाम, सगळं. महीचं ऑपरेशन आहे. इथं कोण आहे?"

"इथं मी हाय की."

"तुम्हाला आता नीट कळत नाही. तिथं काळजी घेतील."

"व्हय, तसं कागदावर लिवलंयच न्हवं. मग येडीला कशाला इचारायलास? उचल आन घाल गाडीत. मागल्या बारीला घातलास तसं."

ओट्यावरून चन्नम्मा म्हणाल्या, "जावा की अक्का. ह्या बारीला डबी गळ्याला गोंदानं चिकटवून देते." अक्का हसल्या. अण्णा हसले नाहीत. जाताना मला म्हणाले की माझे काही बरेवाईट झाले तर निर्णय त्यांनाच घ्यावा लागेल, आणि डॉक्टरांचा कागद त्यांच्याजवळ आहे.

सगळा प्रश्न त्या कागदाचा आहे. अक्कांना आपले हित कळत नाही असे त्याच्या जोरावर म्हणता येते. तसे एकदा ठरले की कलम १ मधले "त्यांना विचारून" हे शब्द निरुपयोगी होतात. मी आहे तोवर मी आडवी येईन. पुढची खात्री नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी अक्कांना तपासून स्मृती वयाच्या मानाने चांगली आहे असे लिहून दिले. पण ते म्हणाले की पहिले निदान घरच्या माणसाने दिलेल्या माहितीवर उभे आहे, तेव्हा ती माहिती त्याच माणसाने मागे घ्यावी. माझ्या सांगण्याने ती पुसली जात नाही.

कलम ७. माझी माती अणदूरलाच व्हावी, वडिलांच्या शेजारी. माझे इष्टलिंग अक्कांच्या कपाटात आहे. मी ते धारण करत नाही, मला पटत नाही. तरी माती देताना माझ्या डाव्या तळहातावर ठेवावे. ते माझ्यासाठी नाही. अक्का समोर बसलेल्या असतील.

पहिली मूठ टाकण्याचा मान थोरल्या भावाचा. खाली मागितलेले पत्र आलेले असेल तर तो अण्णांचाच आहे. आलेले नसेल तर तो चन्नम्मांचा, आणि अण्णांनी मातीला येऊ नये.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वर्षाराणीने करावी. मी याआधी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

वरील मजकूर मी वाचला, अक्कांनाही वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "चहाचं कशाला लिवलीस?" खालील दोघांच्या समोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: महेश्वरी शिवानंद कलशेट्टी

साक्षीदार:
१. गुंडाप्पा मलप्पा हत्तरगे, पिठाची गिरणी, अणदूर
२. वर्षाराणी दत्तात्रय सुरवसे, एमआरआय तंत्रज्ञ, धाराशिव

स्थळ: अणदूर. दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५.

प्रत: श्री. विरेश शिवानंद कलशेट्टी, पुणे.

अण्णा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे तुम्ही आधी वाचावे म्हणून पाठवत आहे. घर मागू नका, ते ठरले आहे. तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. त्या रुग्णालयाच्या नावाने दोन ओळी लिहा: शांताक्का वर्षभरापासून विसरतात असे मी सांगितले होते, ते खरे नव्हते. कारण लिहिले नाही तरी चालेल. खाली सही करा, एक प्रत त्यांना द्या, एक अणदूरच्या पत्त्यावर पाठवा. फोन करू नका, फोनवर तुम्ही "बघू" म्हणता. मला १७ तारखेला सोलापूरला दाखल व्हायचे आहे आणि निघताना अक्कांना काय सांगायचे ते मला माहीत असले पाहिजे. उत्तर शनिवार, दिनांक १५ नोव्हेंबरपर्यंत पोहोचावे.